पट्ट्यापट्ट्यांचा दगड: पूर्व विदर्भात नाइसचे नमुने कसे गोळा करावेत

माझं बालपण साताऱ्यात गेलं. तिथे दगड म्हणजे काळा दगड. पाटा काळा, वरवंटा काळा, घराचं जोतं काळं, अजिंक्यताऱ्याचा कडाही काळाच. महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश जमीन याच बेसाल्टखाली आहे, आणि हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. एवढं वय ऐकून मला तो फार म्हातारा वाटायचा. मग एकदा गोंदिया जिल्ह्यात आमगावच्या बाजूला एका नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर उभी राहिले आणि पायाखालचा दगड उचलला. पांढरा पट्टा, काळा पट्टा, पुन्हा पांढरा. वय २०० कोटी वर्षांहून जास्त. बेसाल्ट त्याच्यापुढे कालचं पोर.

त्या खेपेला मी अकरा दगड घरी आणले. एकावरही काही लिहिलं नाही, कारण मला वाटलं की लक्षात राहील. आज त्यातले पाच कुठल्या गावचे, हे मला सांगता येत नाही. दिसायला छान आहेत, पण त्यांच्याकडून काही शिकता येत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून या लेखात हातोडीपेक्षा वहीबद्दल जास्त लिहिलं आहे.

दगड ओळखायला आधी घराजवळच शिका

नाइसला मराठीत पट्टिताश्म म्हणतात, आणि नावातच ओळख आहे. जमिनीखाली वीसेक किलोमीटर खोलीवर, ६०० अंश सेल्सिअसच्या वर, प्रचंड दाबाखाली जुना खडक न वितळता बदलतो. त्याची खनिजं नव्याने वाढतात आणि वेगवेगळ्या थरांत वाटली जातात. क्वार्ट्‌झ आणि फेल्स्पार यांचे पट्टे फिकट, कृष्णाभ्रक म्हणजे बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड यांचे पट्टे गडद. मूळ खडक ग्रॅनाइट असेल किंवा चिखलाचा गाळही असेल, तापून दबून दोन्हींचा नाइस होऊ शकतो.

डोळा तयार करायला गोंदियालाच जायला हवं असं नाही. जवळच्या मार्बल-ग्रॅनाइटच्या वखारीत जा. ओट्यासाठी ग्रॅनाइट म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक दगडांत पट्टे असतात, वळ्या असतात. जांभळट-गुलाबी ‘पॅराडिसो’ बघा. भूवैज्ञानिक त्यांना ग्रॅनाइट म्हणणार नाहीत, नाइसच्या कुळातले म्हणतील. कापून उरलेले तुकडे मालक बहुधा फुकट देतो. दोन-चार घरी आणा, ओले करा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. क्वार्ट्‌झ काचेसारखा करडा दिसतो, त्यावर चाकू चालत नाही. फेल्स्पारला सपाट, चमकणाऱ्या कडा असतात. अभ्रक नखाने किंवा सुईने पापुद्र्यांत सुटतं. ही तीन खनिजं भिंगाखाली ओळखता आली की अर्धं काम झालं.

फसगत कुठे होते तेही सांगते. साकोलीच्या परिसरात शिस्ट भरपूर आहे, म्हणजे मराठीत सुभाजा. तोही चकाकतो, त्यातही थर दिसतात. पण शिस्ट अभ्रकाच्या पापुद्र्यांवर सहज उलगडतो. नाइस तसा उलगडत नाही, फोडला तर पट्टे ओलांडूनही फुटतो. गोंदियाच्या पूर्व सीमेकडे रायोलाइट आहे. हा ज्वालामुखीचा दगड, आणि त्यात लाव्हा वाहताना उमटलेल्या रेषा असतात. भिंगातून पाहिलं तर बहुतेक भाग इतका बारीक की कण वेगळे दिसत नाहीत. नाइसचे कण साध्या डोळ्यांनी दिसतात. पट्ट्यांचा वालुकाश्मही कधी चकवतो; त्याचे कण गोलसर आणि एकमेकांना चिकटवलेले असतात, नाइसचे एकमेकांत गुंतलेले.

जागा ठरवणं

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणाचे भूशास्त्रीय नकाशे मिळतात. गोंदिया, भंडारा आणि नागपूर हे जिल्हे उघडून बघा. आमगाव नाइस नावाचा मोठा पट्टा गोंदिया-भंडाऱ्यात दिसेल. नागपूरच्या उत्तरेला रामटेक-मनसरच्या आसपास आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडे तिरोडी नाइस आहे. तो त्यामानाने तरुण, १६० कोटी वर्षांच्या आसपासचा. त्याच पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत, आणि तिथल्या गार्नेट-क्वार्ट्‌झच्या एका खडकाला भूवैज्ञानिक लुईस फर्मोर यांनी गोंड लोकांच्या नावावरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या झाडीपट्टीच्या शेजारचा हा शब्द छापलेला असतो. खाणीच्या हद्दीत मात्र लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

पश्चिमेकडच्या वाचकांना गोवा आणि दक्षिण सिंधुदुर्ग जवळ पडतं. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या अनमोड घाटातला नाइस सुमारे ३४० कोटी वर्षांचा, म्हणजे सह्याद्रीच्या बेसाल्टपेक्षा पन्नास पटींनी जुना. पण घाटाचा गोव्याकडचा भाग भगवान महावीर अभयारण्यात येतो, तिथून खडाही उचलायचा नाही. बंगळूरला गेलात तर लालबागेतली टेकडी चुकवू नका. तिथला द्वीपकल्पीय नाइस सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे, आणि १९७५ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलं आहे. वर केंपेगौडांचा बुरूज आहे. तो दगड तळव्याने चाचपावा, त्याचे फोटो काढावेत, बस.

नकाशावर पट्टा सापडला की दगड नेमका कुठे मिळेल, हा पुढचा प्रश्न. पूर्व विदर्भात उघडा खडक कमी आणि भातखाचरं जास्त. नाइस हवापाण्याने कुजून त्याचा मुरूम होतो, आणि मुरमात पट्टे दिसले तरी नमुना हातातच ढासळतो. म्हणून ताजा दगड जिथे माणसाने बाहेर काढला आहे तिथे जायचं. माझ्या अनुभवात नव्या विहिरीचा ढिगारा सगळ्यात चांगला. तीस-चाळीस फुटांवरचा, हवा न लागलेला दगड आयता समोर पडलेला असतो. त्याखालोखाल गिट्टीच्या बंद पडलेल्या खदानी, रस्त्यासाठी कापलेले उतार, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी ओसरल्यावर मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांच्या काठाला उघडे पडणारे खडक. रेल्वेरुळांतली खडी उचलू नका. ते धोक्याचं आणि बेकायदा आहेच, शिवाय ती गिट्टी कुठून आली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

हंगाम दिवाळीनंतरचा. धान कापून झालेलं असतं, बांधांवरून चालता येतं, गवत वाळलेलं असतं. मार्चनंतर ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात दगडावर शेवाळ आणि ढिगाऱ्यात साप, दोन्ही असतात. साप तसे हिवाळ्यातही असतात, म्हणून दगड आधी काठीने हलवा आणि मगच हात घाला.

परवानगी: इथे घाई नको

भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे जंगलातला दगड आणि खनिजंही वनोपज ठरतात. राखीव जंगलातून दगड आणणं हा गुन्हा आहे. नवेगाव-नागझिऱ्यासारख्या व्याघ्र प्रकल्पात तर प्रश्नच नाही. विदर्भात आणखी एक गोष्ट माहीत हवी. उजाड माळासारखी दिसणारी बरीच जमीन कागदावर ‘झुडपी जंगल’ असते, आणि ती वनजमीनच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. डोळ्यांना झाड दिसत नाही म्हणून ती मोकळी जागा समजू नका. तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन सातबारा बघा.

सगळ्यात सोपं म्हणजे खासगी शेत आणि मालकाचा होकार. गावात गेल्यावर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा आणि तुम्ही कोण, कशासाठी आलात हे सांगा. अनोळखी माणूस पाठीवर पिशवी घेऊन दगड ठोकत फिरला की गावात सोन्याची किंवा खाणीची कुजबुज सुरू होते. सोन्याच्या कुजबुजीला कारणही असतं. कुजलेलं कृष्णाभ्रक सोनेरी पिवळं चमकतं आणि ओढ्याच्या वाळूत ते पुष्कळ सापडतं.

दोन प्रकारच्या दगडांना हात लावायचा नाही. एक, शेंदूर लावलेला किंवा झाडाखाली मांडलेला. दोन, गोलात रचलेले. विदर्भात महापाषाणयुगीन शिलावर्तुळं आहेत, नागपूरजवळच्या जुनापाणीसारखी. त्यांतला एक दगड हलला तरी पुरातत्त्वाचा पुरावा मोडतो.

पिशवीत काय

भूशास्त्राची हातोडी साधारण एक किलोची, एका बाजूला चौकोनी तोंड आणि दुसऱ्या बाजूला छिन्नीसारखं पातं असलेली घ्या. सुतारी हातोडी आणू नका, तिचं पोलाद दगडासाठी नसतं आणि त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. मोठ्या दगडासाठी दोन-तीन किलोचा घण, एक छिन्नी. संरक्षक चष्मा हवाच. माझा नियम असा की चष्मा घरी राहिला तर त्या दिवशी हातोडी पिशवीतच राहते. जाड कातडी हातमोजे, बंद बूट, भिंग, पाण्याची जास्तीची बाटली, जुनी वर्तमानपत्रं, कापडी पिशव्या, पांढरी चिकटपट्टी, पक्क्या शाईचं मार्कर, पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पेन घामाने पुसतं, पेन्सिल पुसत नाही.

वजनाचा हिशेब आधीच करा. नाइसची घनता सुमारे २.७. म्हणजे १० × ८ × ४ सेंटिमीटरचा एक नमुना साधारण ८६० ग्रॅम भरतो. दहा नमुन्यांचं ओझं साडेआठ किलो. विमानाने जाणार असाल तर हातोडी केबिनच्या बॅगेत चालत नाही, सामानात टाकावी लागते.

ढिगाऱ्यापाशी

आमगावजवळच्या त्या विहिरीवर मी वाकून दगड उलटे-पालटे करत होते. शेतमालक काका बैल सोडून आले आणि म्हणाले, “काय पाहून रायल्या जी ताई?” मी पट्टे दाखवले. त्यांनी दगड हातात घेतला, अंगठ्याने पुसला आणि बोट ढिगाऱ्याकडे केलं. “हा वरचा आहे. पक्का दगड तर खालीच लागला. तीस फुटानंतर. सुरुंग लावला तेव्हा.” मग ते मला ढिगाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले, कारण शेवटी निघालेला दगड तिथे ओतला होता. ही माहिती कुठल्याही नकाशात नसते. विहीर ज्यांनी खणली त्यांना विचारल्याशिवाय दगडाला हात लावू नका: किती फुटांवर मुरूम संपला, पक्का दगड कुठे लागला, पाणी कुठल्या भेगेतून आलं.

आता निवड. वरून सगळे दगड सारखेच धुळकट दिसतात. बाटलीतलं थोडं पाणी ओता, पट्टे एकदम उठून येतात. मग दगड फिरवून बघा, कारण पट्टे सगळ्या बाजूंनी दिसत नाहीत. अळूवडीचा उंडा बाहेरून नुसता हिरवा असतो, कापल्यावर वळसे दिसतात, तसंच इथे. पट्ट्यांना समांतर असलेल्या बाजूवर फक्त अभ्रकाची चकाकी दिसेल आणि तुम्ही त्याला शिस्ट समजाल. नमुन्याची निदान एक बाजू पट्टे आडवी छेदणारी हवी.

एका जागेवरून मी तीनच नमुने घेते. पहिला त्या जागेचा नेहमीचा दगड, जो सगळ्यात जास्त दिसतो तो. सुंदर असेलच असं नाही, पण तो सोडू नका. नवशिक्यांच्या संग्रहात सगळी अपवादात्मक रत्नं असतात आणि जागेचा खरा दगडच नसतो. दुसरा जिथे दोन प्रकार एकमेकांना भिडतात त्या सीमेचा, उदाहरणार्थ काळ्या हॉर्नब्लेंडच्या थराला फिकट नाइस चिकटलेला. तिसरा वेगळा: पट्टे घडीसारखे वळलेले, किंवा फेल्स्पारचे मोठे दाणे डोळ्यांच्या आकाराचे आणि पट्टे त्यांच्याभोवती वळसा घालून गेलेले. अशा दगडाला डोळेदार नाइस म्हणता येईल. बुबुळाभोवती पापणी असावी तसं काळं अभ्रक त्या दाण्याला वेढून जातं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कितीतरी वेळ तो नुसता हातात धरून बसले होते.

फोडणं

आधी दगड हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजला तर आतून एकसंध आहे, बद्द आवाज आला तर आत भेग आहे आणि तो मनासारखा फुटणार नाही. हे मला एका वयस्क दगडफोड्या मामांनी शिकवलं, आणि त्यानंतर माझी निम्मी मेहनत वाचली.

दगड जमिनीवर घट्ट बसवा, खाली छोटा दगड देऊन. चष्मा लावा, आजूबाजूच्या पोरांना दहा पावलं मागे पाठवा. चौकोनी तोंडाने, कडेपासून दोन-तीन बोटं आत, सरळ आणि एकाच जागी मारा. तिरका घाव फक्त कपच्या उडवतो. जोर लावण्यापेक्षा त्याच रेषेवर सात-आठ घाव घालणं जास्त कामी येतं. हातोडीवर हातोडी कधी मारू नका. तळहाताएवढा तुकडा मिळाला की तो हातमोज्याच्या हातात धरून पातळ कडा दोन्ही बाजूंनी थोड्या थोड्या उडवत आयताकृती आकार द्या. एक बाजू मुद्दाम तशीच, कुजलेल्या सालीसकट ठेवा. ताजा दगड बाहेर राहून कसा दिसू लागतो, हे त्या सालीवरून कळतं.

जमिनीत रुतलेल्या, घासून गुळगुळीत झालेल्या खडकाच्या मधोमध घाव घालू नका. तिथली घडी शंभर जणांना बघता येते. तुम्ही ती फोडलीत तर कुणालाच बघता येणार नाही. शेजारी सुटलेला तुकडा नक्की असतो.

वही

दगड पिशवीत जाण्याआधी त्याला क्रमांक मिळाला पाहिजे. ‘संध्याकाळी लिहू’ म्हटलं की संपलं. माझी पद्धत अशी: गावाची दोन अक्षरं, वर्ष, अनुक्रमांक. आम-२४-०३ म्हणजे आमगाव, २०२४, तिसरा. चिकटपट्टीवर लिहून दगडावर, तोच क्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर पिशवीत, आणि तोच वहीत. तीन ठिकाणी, कारण ओल्या दगडावरची पट्टी हमखास सुटते.

वहीत काय लिहायचं: तारीख, गाव, तालुका, जिल्हा. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, दशांशानंतर पाच अंकांपर्यंत. जागेचा प्रकार, म्हणजे विहीर, खदान की उघडा खडक. सगळ्यात महत्त्वाचं, दगड मूळ जागी होता की सुटा. विहीर असेल तर खोली आणि ती कुणी सांगितली. शेजारी कोणते दगड होते. पट्ट्यांची जाडी मोजून मिलिमीटरमध्ये, ‘बारीक’ किंवा ‘जाड’ असं नको. मग तुमचा अंदाज आणि त्याचं कारण. अंदाज चुकला तरी खोडू नका, खाली नवा लिहा.

खडक मूळ जागी असेल तर पट्टे कसे कललेत तेही नोंदवा. त्यासाठी महागडं होकायंत्र लागत नाही. पट्ट्याच्या सपाट पृष्ठावर पाणी ओता. ते ज्या दिशेला ओघळेल ती उताराची दिशा. पुठ्ठ्याची वही त्या पृष्ठावर टेकवून मोबाइलच्या कोनमापकाने उतार किती अंश ते बघा. होकायंत्र वापरताना हातोडी चार पावलं लांब ठेवा, लोखंडाने सुई फिरते. दगड काढण्याआधी त्याच्यावर मार्करने उत्तरेचा बाण आणि वरच्या बाजूला फुली करा. फोटो दोन: एक लांबून, एक जवळून, आणि जवळच्यात पेन्सिल ठेवा म्हणजे आकार कळतो.

घरी

वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून आणलेले दगड साध्या पाण्यात, जुन्या दातांच्या ब्रशने धुवा. आम्ल वापरू नका. माती पूर्ण जाऊ द्या, विशेषतः नमुना परदेशातल्या कुणाला द्यायचा असेल तर, कारण माती चिकटलेला दगड बऱ्याच देशांत सीमेवरच अडतो. सावलीत वाळवा.

कायमचा क्रमांक असा घालतात: कुजलेल्या सालीच्या बाजूला व्हाइटनरचा नखाएवढा चौकोन, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक, वरून बिनरंगी नेलपॉलिशचा हात. माझ्याकडचे दहा वर्षांपूर्वीचे क्रमांक अजून स्वच्छ वाचता येतात.

पट्टे नीट अभ्यासायचे तर ग्रॅनाइटच्या वखारीत एक बाजू हिऱ्याच्या पात्याने, पाणी सोडून, कापून घ्या. घरी जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड, आधी २२०, मग ४००, मग ६०० नंबरची, पाण्यात कालवून गोल गोल घासा. कोरडं कधीच घासू नका. क्वार्ट्‌झची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिसवर इलाज नाही. ओल्या कामातही मास्क लावा.

प्रत्येक जागेचा नेहमीचा दगड मी आता जोडीने घेते. दुसरा नमुना त्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत, मराठीत चिठ्ठी लावून देते: गाव, विहिरीची खोली, दगडाचं नाव, अंदाजे वय. काकांच्या विहिरीचा दगड त्यांच्या नातीच्या वर्गात खिडकीपाशी आहे. चिठ्ठीवर “तीस फुटांखाली, शेतमालकांनी सांगितल्याप्रमाणे” असं लिहिलं आहे.